व्यसनमुक्ती केंद्र निवडताना : थोडा इतिहास, थोडी पारख

उसाचं बिल खात्यावर जमा झालं की बारामती-इंदापूरच्या बऱ्याच घरांत आनंद होतो, पण काही घरांतल्या बाईच्या पोटात गोळा येतो. अशा घरातली बाई शेवटी विचारते, "ह्यांना न्यायचं कुठं?" उपचार कसे बदलत गेले ते पाहिलं, तर चांगलं केंद्र ओळखता येतं.

पूर्वी दारू म्हणजे वाईट चाल, एवढंच मानत. मग शपथ घाला, माळ घाला, नाहीतर खोलीत कोंडा. माळेनं कित्येकांची दारू सुटलीही. पण रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एकाएकी तोडली, तर हातपाय थरथरतात, भास होतात, झटके येतात, जीवही जाऊ शकतो. म्हणून केंद्रात पहिला प्रश्न विचारायचा : सुरुवातीचे दिवस डॉक्टर आणि नर्स कोण पाहतात?

१९४० च्या दशकात डेन्मार्कमध्ये एका गोळीचा शोध लागला. ती घेतलेल्या माणसानं दारू प्यायली की मळमळतं, छातीत धडधडतं. ही गोळी डॉक्टरांच्या देखरेखीखाली आणि माणसाला सांगूनच द्यायची असते. 'नकळत जेवणात मिसळा' अशी जाहिरात दिसली, तर तिच्या नादी लागू नका. ते जिवावर बेतू शकतं.

दुसरी वाट अमेरिकेत निघाली. १९३५ साली दारूनं गांजलेले दोघे, एक शेअर दलाल आणि एक डॉक्टर, एकमेकांच्या आधारानं सावरले. त्यातून 'अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस' उभी राहिली. १९५१ मध्ये अशा माणसांच्या घरच्यांसाठी वेगळा गट झाला. आजार एकाला होतो, पण सोसतं सगळं घर, हे तेव्हा मान्य झालं.

आता आपल्या पुण्याकडे या. १९८० च्या दशकात पुण्यातली तरुण पोरं गर्दच्या, म्हणजे ब्राउन शुगरच्या विळख्यात सापडली. अनिल अवचटांनी त्यावर लेख लिहिले. ते वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांड्यांनी एक लाख रुपये दिले. २९ ऑगस्ट १९८६ ला येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात 'मुक्तांगण' सुरू झालं. डॉ. सुनंदा अवचट तिथं मनोविकारतज्ज्ञ होत्या. व्यसनी माणसाला गुन्हेगार न समजता प्रेमानं वागवायचं, ही शिस्त त्यांनी घातली. मुक्काम पस्तीस दिवसांचा. आधी शरीराचा उपचार, मग समुपदेशन. बरे झालेले लोकच पुढे तिथं कामाला लागले. बायकांसाठी 'सहचरी' गट निघाला. नवऱ्याच्या पिण्याचा दोष आपला नाही, हे तिथं बायका एकमेकींकडून ऐकतात.

म्हणून दुसरा प्रश्न : घरच्यांसाठी काय आहे? आणि तिसरा : घरी सोडल्यावर किती दिवस पाठपुरावा करता? घसरण बहुधा घरी आल्यावर होते. पुन्हा प्यायला म्हणजे पैसे बुडाले असं नाही. रक्तदाब वाढला की आपण परत दवाखान्यात जातो, तसंच हे.

चौथा प्रश्न कायद्याचा. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात दारू आणि अमली पदार्थांमुळे होणारे आजारही येतात. अशा केंद्राला नोंदणी लागते आणि साखळीनं बांधायला बंदी आहे. नोंदणीचा कागद मागा. आतल्या खोल्या पाहू द्या म्हणा. भेटू देत नसतील, फोन देत नसतील, 'शंभर टक्के खात्री' सांगत असतील, तर मागं फिरा.

सगळ्यांना एकच औषध नसतं. कुणाला दवाखान्यात येऊन-जाऊन बरं वाटतं, कुणाला राहावं लागतं. कुणाला दारूसोबत मनाचा दुसरा आजार असतो, तिथं मनोविकारतज्ज्ञ हवाच. पिणारी बाई असेल तर बायकांची वेगळी सोय आहे का ते पाहा. कर्ज काढून पैसे भरण्याआधी सरकारी दवाखान्यात तपासून घ्या. बारामतीत २०१९ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. १४४४६ या सरकारी मोफत क्रमांकावरही विचारता येतं.

हे चार प्रश्न बचत गटाच्या वहीत लिहून ठेवा. आणि केंद्र बघायला एकटीनं जाऊ नका, गटातली एक मैत्रीण सोबत न्या.