चष्म्याचा नंबर आणि नाशिकचा अभियंता

फळ्यावरचे गणित चुकीचे उतरवले म्हणून मुलाला बोलणी बसतात, आणि दोष असतो बिचाऱ्याच्या डोळ्यांचा! आपल्या जालना जिल्ह्यातील शाळांतून मागच्या बाकावर अशी मुले आढळतात. घरी कोणाच्या ध्यानात येत नाही, आणि तपासणीसाठी शहर गाठायचे तर एका दिवसाची मजुरी बुडते.

या प्रश्नाला हात घालणारे संशोधक रमेश रासकर हे डॉक्टर नव्हेत, ही गोष्ट पालकांनी मुद्दाम ध्यानात घ्यावी. मुलाला मेडिकलला प्रवेश मिळाला नाही की आपल्या घरांतून उदासी पसरते. जणू रुग्णसेवेचे दुसरे दारच नाही! रासकर नाशिकचे. पुण्याच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयातून पदवी घेऊन ते अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात गेले. तेथे त्यांचा विषय होता संगणकीय चित्रण. प्रोजेक्टरच्या प्रकाशाने भिंतीवर व वस्तूंवर चित्रे उमटविणे हे त्यांचे काम; रुग्णाशी त्याचा संबंध तो काय? २००२ साली डॉक्टरेट मिळाली. मित्सुबिशी कंपनीच्या प्रयोगशाळेत काही वर्षे काढून २००८ मध्ये ते एम.आय.टी.च्या मीडिया लॅबमध्ये आले.

तेथे २०१० मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसह ‘नेत्रा’ हे साधन मांडले. या गटात ब्राझीलचा विद्यार्थी व्हिटर पाम्प्लोना होता. डोळ्यांत लेसर सोडून नंबर काढणारी मोठी यंत्रे होतीच. यांनी तीच क्रिया उलटी केली. मोबाइलच्या पडद्यावर प्लॅस्टिकचे छोटे भिंग बसवायचे, त्यातून दोन रेषा पाहायच्या आणि त्या एकमेकींवर येईपर्यंत बटणे दाबायची. निरोगी डोळ्याला त्या आधीच जुळलेल्या दिसतात. सदोष डोळ्यासाठी जेवढे सरकवावे लागते, त्यावरून चष्म्याचा नंबर निघतो. या जोडाचा खर्च तेव्हा एक ते दोन डॉलर सांगितला गेला.

पुढे हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेबरोबरही त्यांच्या गटाने काम केले. २०१६ मध्ये रासकरांना पाच लाख डॉलरांचे लेमेल्सन-एम.आय.टी. पारितोषिक मिळाले.

एक मर्यादा मात्र सांगितली पाहिजे. या साधनात उत्तर रुग्णानेच द्यायचे असते. अगदी लहान मुलाला रेषा जुळविणे जमेलच असे नाही. शिवाय नंबर निघाला तरी मोतीबिंदू वा पडद्याचा विकार नेत्रतज्ज्ञालाच पाहावा लागतो. मूल पुस्तक नाकाशी धरून वाचत असेल, तर तपासणी पुढच्या सुट्टीवर ढकलू नये.