बुद्धी ३, तरीही हिरो: गेममधल्या आकड्यांचा इतिहास

आजचा विषय आहे रोल-प्लेइंग गेम, म्हणजे आपले आरपीजी. त्यातही सुरुवातीचा तो स्क्रीन, जिथे आपण हिरोला नाव देतो आणि ताकद, बुद्धी, चपळाई यांचे आकडे ठरवतो. बरेच जण तो पटापट पुढे ढकलतात. मी मात्र तिथेच तासभर रमतो. कारण माझ्या मते त्या स्क्रीनवर गेम बनवणारे एका जुन्या प्रश्नाचं उत्तर देत असतात: माणूस घडतो कशाने?

पहिलं उत्तर होतं नशीब. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन यांचा 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' आला. कॉम्प्युटर नाही, कागद, पेन्सिल आणि फासे. प्रत्येक गुणासाठी तीन फासे टाकायचे, आकडा येणार ३ ते १८ मधला. तिन्ही फाशांवर सहा पडून १८ येण्याची शक्यता २१६ मध्ये एक! पडेल ते दान मुकाट घ्यायचं आणि त्यावर आयुष्य काढायचं.

पुढच्याच वर्षी इलिनॉय विद्यापीठाच्या 'प्लेटो' सिस्टिमवर विद्यार्थ्यांनी असे गेम लिहायला सुरुवात केली. त्यातल्या एकाचं नाव 'पेडिट५'. हे असं रुक्ष नाव का? तर अभ्यासासाठी राखून ठेवलेल्या फाइलचं ते आधीपासूनचंच नाव होतं आणि गेम तिच्यातच लिहिला होता. तरी ती डिलीट व्हायचीच, हा भाग वेगळा.

१९८१ मध्ये ॲपल टू वर 'विझार्ड्री' आला. यात वाटायला मिळणारे बोनस पॉइंट रँडम होते. मग लोकांनी काय केलं असेल? कॅरेक्टर बनवायचं, पॉइंट कमी मिळाले की फेकून द्यायचं, परत बनवायचं. समोर मित्र बसलेले असताना दान नाकारायला लाज वाटते. मशीनसमोर कसली लाज? थोडक्यात, कॉम्प्युटरवर आल्या आल्या नशिबाची किंमत उतरली.

मग १९८५ मध्ये रिचर्ड गॅरियट यांनी 'अल्टिमा ४' मध्ये फासेच काढून टाकले. सुरुवातीला एक भविष्य सांगणारी बाई तुम्हाला पेचात टाकते: प्रामाणिकपणा की करुणा? न्याय की त्याग? तुमच्या उत्तरांवरून तुम्ही कोण ते ठरतं. नम्रता निवडत गेलात तर मेंढपाळ, म्हणजे लढाईत सगळ्यात कच्चा. गंमत म्हणजे या गेममध्ये शेवटी मारायला खलनायकच नाही. आठ सद्गुण अंगी बाणवून 'अवतार' व्हायचं. हो, आपला संस्कृतातलाच अवतार. औषधी वनस्पती विकणारी आंधळी बाई भेटते, पैसे तुम्हीच मोजून द्यायचे. कमी दिलेत तर ती काही बोलत नाही, पण गेम लक्षात ठेवतो.

आता माझा सगळ्यात लाडका टप्पा. १९९७ चा 'फॉलआउट'. टीम केन यांची टीम आधी 'गर्प्स' नावाची तयार नियमावली वापरणार होती. तो करार फिसकटला आणि घाईघाईत स्वतःची पद्धत उभी करावी लागली. सात गुण, प्रत्येक १ ते १०, आणि पॉइंट तुम्हीच वाटायचे. फासे नाहीत. म्हणजे एक गुण खूप वाढवायचा तर दुसऱ्यातून कापावाच लागतो. बुद्धी फारच कमी ठेवलीत तर हिरोला धड वाक्य बोलता येत नाही, लोक कामं देत नाहीत. उलट हुशार आणि बोलका हिरो शेवटच्या शत्रूला गोळी न झाडता, नुसता पुरावा दाखवून हरवू शकतो. आणि 'फॉलआउट २' मध्ये तर कमाल: मंद हिरो टॉर नावाच्या तशाच एका गुराख्याशी बोलतो, तेव्हा दोघांचं संभाषण अचानक विद्वानांसारखं ऐकू येतं. कमी आकड्याने एक दार बंद केलं, दुसरं उघडलं.

हे सगळं नियमांमुळे होतं का? नाही, आणि याचा पक्का पुरावा आहे. १९९८ चा 'बाल्डर्स गेट' आणि १९९९ चा 'प्लेनस्केप: टॉर्मेंट' घ्या. इंजिन एक, 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'चे नियमही तेच. पण पहिल्यात योद्ध्याची बुद्धी ३ असली तरी बोलताना जवळजवळ कुणालाच पत्ता लागत नाही. दुसऱ्यात शहाणपण वाढवलंत तर हिरोच्या हरवलेल्या आठवणी परत येतात, नवे संवाद उघडतात. आकडे तेच, फरक एवढाच की दुसरं जग ते आकडे वाचतं.

माझं म्हणणं इतकंच आहे. सिस्टिम चांगली की वाईट हे त्यात किती स्किल आहेत यावर ठरत नाही. कमी आकड्याचं जग काय करतं, यावर ठरतं. २०१९ च्या 'डिस्को एलिझियम'ने तर पुढचं पाऊल टाकलं: त्यात २४ स्किल हिरोच्या डोक्यात बोलतात, आणि एखादं फार वाढवलंत तर तेच डोक्यावर बसतं. म्हणजे जास्त आकडाही फुकट नाही.

आपण दहावीचे टक्के, सीईटीचा स्कोअर आणि पॅकेज यांत वाढलेली पिढी. आपल्याकडे कमी आकडा म्हणजे दार बंद, विषय संपला. म्हणूनच बहुतेक आपण गेममध्येही सगळे गुण वर नेण्याच्या मागे असतो. यावेळी उलटं करून बघा. 'बाल्डर्स गेट' आणि 'प्लेनस्केप' दोन्ही फोनवर मिळतात. कॅरेक्टर बनवताना सगळ्यात कमी आकडा कुठे ठेवायचा, ते आधी ठरवा. मग बघा, कुठलं जग तुमच्याशी बोलतं आणि कुठलं गप्प राहतं.

कळवा मला. भेटू पुढच्या भागात!