सुई टोचणारा हात मोजायचा कसा?

तुमच्यापैकी बरेच जण सध्या पेटची तयारी करताय, काहींचा सिनॉप्सिसही लिहून होत आला असेल. माझ्या सिनॉप्सिसच्या पहिल्या मसुद्यात 'कौशल्य' हा शब्द अकरा ठिकाणी होता. गाईडनी अकराही ठिकाणी समासात एकच वाक्य लिहून तो परत पाठवला: "हे मोजणार कशाने?" तेव्हा राग आला होता, खोटं कशाला बोलू! पण उत्तर शोधताना ॲक्युपंक्चरच्या मोजमापाचा इतिहास हाती लागला आणि माझी चूक कळली. तोच इतिहास आज सांगतो.

सुरुवात चीनमध्ये, साल १०२७. सोंग सम्राट रेनत्सोंगच्या काळात वांग वेई-यी या वैद्याने माणसाच्या आकाराचे दोन कांस्य पुतळे घडवून घेतले. अंगावर ॲक्युपंक्चरच्या बिंदूंच्या जागी भोकं होती. परंपरेने सांगतात ते असं: परीक्षेच्या वेळी पुतळ्याला बाहेरून मेण लावायचं, आत पाणी भरायचं (काही वर्णनांत पारा आहे), आणि विद्यार्थ्याने सुई टोचायची. बरोबर जागी लागली तर द्रव बाहेर येणार, नाहीतर नापास.

परीक्षा म्हणून बघा किती चोख आहे! परीक्षकाच्या मर्जीला वावच नाही. पण तिने मोजलं काय? फक्त जागा. सुई टोचल्यावर ती वरखाली करणं, दोन बोटांत फिरवणं, 'दे-छी' येईपर्यंत थांबणं, हे सगळं मोजमापाबाहेर राहिलं. दे-छी म्हणजे काय, तर रुग्णाला जाणवणारा जडपणा, बधिरपणा, ठणका. आणि त्याच वेळी सुई आतून कुणीतरी धरून ठेवल्यासारखं वैद्याच्या बोटांना जाणवणं. कांस्य काही सुई धरून ठेवत नाही.

आता एकदम विसाव्या शतकात येऊ. आपल्याकडचा धागा आधी सांगतो: सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली ज्या वैद्यकीय पथकातून चीनला गेले, त्याच पथकातले डॉ. बिजय कुमार बसू पुढे ॲक्युपंक्चर शिकून आले आणि त्यांनी ते कोलकात्यात आणलं. अमेरिकेत १९७१ साली पत्रकार जेम्स रेस्टन यांनी पेकिंगमधल्या अपेंडिक्सच्या ऑपरेशननंतर घेतलेल्या ॲक्युपंक्चरबद्दल लिहिलं आणि तिकडे कुतूहल वाढलं. मग चाचण्या आल्या, आणि चाचण्यांबरोबर 'खोटी सुई' कशी बनवायची हा प्रश्न आला. १९९८ साली श्ट्राइटबेर्गर आणि क्लाइनहेन्त्स यांनी बोथट टोकाची, दाबली की स्वतःच्याच मुठीत सरकणारी सुई मांडली, नाटकातल्या कट्यारीसारखी.

खोटी सुई मिळाली, पण खरी सुई नेमकी कशी टोचली याची नोंद तुटपुंजीच असायची. यातली अडचण लक्षात घ्या. निकाल नकारात्मक आला तर "टोचणाऱ्याला जमलं नसेल" म्हणता येतं. सकारात्मक आला तर दुसऱ्याला ते तसंच करून बघता येत नाही. दोन्ही बाजूंना पळवाट आहे. २००१ साली 'स्ट्रिक्टा' ही नोंदीची मार्गदर्शक यादी आली आणि २०१० मध्ये तिची सुधारित आवृत्ती निघाली: ६ मुद्दे, १७ उपमुद्दे. खोली किती, सुया किती, उत्तेजन कसं, किती वेळ ठेवली, सगळं लिहायचं. मोठं पाऊल होतं, पण ही नोंद आहे, मोजमाप नव्हे. 'मी असं केलं' हे शेवटी करणाराच सांगतोय.

त्याच २००१ साली व्हरमाँट विद्यापीठात हेलेन लॅंजव्हिन आणि सहकाऱ्यांनी वेगळा प्रश्न विचारला: सुई 'धरली जाते' म्हणतात, तर ती बाहेर ओढायला किती बल लागतं? संगणकाने चालणारं उपकरण, ६० निरोगी माणसं. बिंदूवर लागणारं बल शेजारच्या साध्या जागेपेक्षा सरासरी १८% जास्त निघालं. पण सुई न फिरवण्याच्या तुलनेत दोन्ही दिशांना फिरवली तर ५२%, आणि एकाच दिशेने फिरवली तर १६७% जास्त! पुतळ्याने फक्त जागा तपासली होती. इथे जागेपेक्षा हालचालीचा फरक कितीतरी मोठा दिसला. पुढे उंदरांच्या ऊतींवर दिसलं की टकळीवर सूत गुंडाळावं तशी संयोजी ऊती सुईभोवती गुंडाळली जाते.

इथे घाई करू नका. ओढायला बल जास्त लागलं म्हणजे आजार बरा झाला, असं नाही. शिवाय मशीनने सुई फिरवली म्हणजे वैद्याचा हात प्रयोगातून बाहेरच गेला. तो परत आणायला सुईलाच संवेदक जोडायचा मार्ग निघाला: वैद्याने नेहमीसारखं टोचायचं, आणि हालचाल, बल आणि पीळ यांची नोंद यंत्राने घ्यायची. व्हरमाँटच्याच गटाने २०१२ साली अशी पद्धत प्रसिद्ध केली. रुग्णाला काय जाणवतं यासाठी २००७ पासून 'मास' नावाची वेगळी मापनपट्टी आहे.

म्हणजे जागा, हात, ऊती आणि रुग्णाची जाणीव या चार गोष्टी झाल्या, आणि चौघींची साधनं वेगळी. त्यातल्या कुठल्याही एका आकड्याला 'कौशल्य' म्हटलं की आपण पुतळ्याच्या परीक्षकाचीच चूक करतो.

तुम्हाला एक काम देतो. तुमच्या सिनॉप्सिसमधला सगळ्यात आवडता शब्द घ्या: 'जाणीव', 'सहभाग', 'गुणवत्ता', काहीही. त्याच्यापुढे लिहा की तुमचं साधन त्यातलं नेमकं काय टिपतं आणि काय सुटतं. दुसरा रकाना कोराच राहिला तर पुन्हा विचार करा. माझ्या दुसऱ्या मसुद्यात 'कौशल्य' दोनच ठिकाणी उरलं, आणि दोन्ही ठिकाणी 'यापैकी काय मोजलेलं नाही' हे लिहिलेलं होतं. या वेळी समासात काहीच लिहून आलं नाही.