सूर्याची चूल

जळणावांचून अन्न शिजविण्याची कल्पना नवी वाटते. पण तिचा इतिहास अडीचशें वर्षांहून जुना आहे.

१७६७ सालीं जिनीव्हाच्या होरास द सोस्यूर या शास्त्रज्ञानें कांचेच्या पेट्या एकींत एक बसवून उन्हांत ठेविल्या. पुढें त्यानें लांकडी पेटीस आंतून काळें बूच लाविलें व वर तीन कांचा बसविल्या. ऊन कांचेंतून आंत शिरे, काळा पृष्ठभाग तें शोषून तापे. पण ती उष्णता सहजासहजीं बाहेर पडेना. पाणी उकळतें त्याहूनहि पेटी अधिक तापली. काळें भांडें, कांचेचें झांकण व उबदार वेष्टण यांवरच घरगुती सूर्यपेटी आजहि चालते.

भरपूर ऊन व महाग जळण असलेल्या हिंदुस्थानांत हा विचार मुंबई हायकोर्टाचे डेप्युटी रजिस्ट्रार विल्यम ॲडम्स यांनीं उचलला. त्यांनीं आंतून आरसे लाविलेलें, नसराळ्यासारखें लांकडी पात्र करून मध्यें कांचेनें झांकलेलें तांब्याचें भांडें ठेविलें. त्यांत मुंबईच्या जानेवारींतील उन्हावर सात सैनिकांचें मांस व भाजी दोन तासांत शिजे, असें त्यांनीं १८७८ सालीं प्रसिद्ध केलें.

मग, श्रोतेहो, ही चूल घरोघर कां गेली नाहीं? सूर्य सरके तसें पात्र वळवावें लागे. आणि घरची चूल पेटते ती पहांटे व तिन्हीसांजेस. सैनिकांच्या जेवणास जें चाललें, तें स्वयंपाकघरास परवडलें नाहीं. ऊन फुकट असलें, तरी गृहिणीचा वेळ फुकट नसतो. नवी चूल करणारानें आधीं तिचा दिवस जाणला पाहिजे.