शरभाला पंख फुटले कसे

जंजिऱ्याच्या दरवाज्यातून आत शिरताना भिंतीवर कोरलेल्या एका पशूकडे बहुतेक जण वाघ समजून ओझरतं बघतात. जरा थांबून पाहावं. पंजांत हत्ती, शेपटीच्या विळख्यात आणखी एक. हत्तीला असं लीलया धरणारा वाघ कुठल्याच जंगलात नाही. हा शरभ.

त्याचं कूळ शोधत मागे गेलं तर सुरुवातीला पंख दिसतच नाहीत. वैदिक वाङ्मयातला शरभ हा एक रानपशू. महाभारतात त्याला आठ पाय आणि सिंहाला मारण्याची ताकद मिळते. शांतिपर्वातली गोष्ट मला फार आवडते. एका ऋषींच्या आश्रमातलं कुत्रं भीतीपोटी बिबट्या, वाघ, हत्ती, सिंह असं वाढत जातं. सिंहालाही शरभाची धास्ती, म्हणून ऋषी त्याला शरभ करतात. तो ऋषींवरच उलटू पाहतो आणि पुन्हा कुत्रा होतो. म्हणजे बळाच्या उतरंडीत सगळ्यांच्या वर शरभ. कालिदासाच्या मेघदूतात तर हिमालयातले शरभ ढगावरच झेप घेतात. पण उडी मारून, उडून नव्हे.

पंख दिले ते शैव पुराणांनी. हिरण्यकशिपूला फाडल्यावर नरसिंहाचा कोप शमेना, तेव्हा शिवाने शरभाचं रूप घेऊन त्याला आवरलं, असं लिंगपुराण सांगतं. विष्णूच्या अवताराला उचलायचं तर नुसता चतुष्पाद पुरेना. अर्धं अंग पशूचं, अर्धं पक्ष्याचं झालं. तमिळनाडूत कुंभकोणमजवळच्या दारासुरम आणि त्रिभुवनम इथल्या चोळ मंदिरांत हा शरभेश्वर पाहायला मिळतो.

वैष्णव गप्प कसे बसतील? त्यांच्या कथेत नरसिंहाने दोन डोक्यांच्या गंडभेरुंड पक्ष्याचं रूप घेऊन शरभालाच धरलं. पण भेरुंड या वादाहून जुना असावा, असं मला वाटतं. तक्षशिलेजवळच्या सिरकपला स्तूपावर दोन डोक्यांचा पक्षी आहे. कर्नाटकात बळ्ळिगावीला 1047 सालचा भेरुंडस्तंभ उभा आहे. त्यावरच्या मूर्तीचं धड माणसाचं, डोकी पक्ष्याची दोन. विजयनगरच्या अच्युतरायाने आपल्या नाण्यांवर याच पक्ष्याच्या चोचींत आणि पंजांत हत्ती दिले. पुढे तो म्हैसूरच्या वडियारांचं राजचिन्ह झाला आणि आज कर्नाटकाच्या राजमुद्रेत आहे.

आपल्याकडे शरभाची खरी वस्ती देवळापेक्षा किल्ल्यांवर. इथे शिव-विष्णूचा वाद कुणाला आठवला नाही. उरलं ते एवढंच, की हत्तीपेक्षा बलवान असा हा पशू दारावर असावा. हत्ती म्हणजे सैन्य, हत्ती म्हणजे वैभव. शत्रूचा हत्ती आपल्या शरभाच्या पायाखाली, हे दरवाज्यातून येणाऱ्याला शब्दांविना कळायचं. म्हणून सुलतानांच्या किल्ल्यांवरही तो निर्धास्त बसला, आणि जंजिऱ्याच्या सिद्दींनीही त्याला दारावर ठेवलं. पाय आठाचे चार झाले, पंख बहुतेक ठिकाणी गळाले. काही शिल्पांत मात्र खांद्यापाशी लहानसा पंख कोरलेला असतो. उन्हं तिरपी असताना गेलं तर तो नीट दिसतो, आणि त्याच्या पायाखालचे हत्तीही मोजता येतात.