बंदुकीतली लाकडी काठी

अमेरिकेत बदकांच्या शिकारीला जाणाऱ्या माणसाची सेमी-ऑटोमॅटिक बंदूक खोललीत, तर नळीखालच्या काडतुसांच्या कप्प्यात एक लाकडाची, हल्ली बहुतेक प्लास्टिकची, काठी सापडते. ती काहीच करत नाही. फक्त जागा अडवते. कप्प्यात चार काडतुसं मावत असतील तर काठीमुळे दोनच मावतात. म्हणजे कंपनी आधी मेहनतीने जागा तयार करते आणि मग ती बुजवायला काठीही स्वतःच देते! आमच्या धंद्यात याला रेट लिमिटिंग म्हणतात. सर्व्हर हजार रिक्वेस्ट झेलू शकतो, पण तुम्हाला दहाच मिळणार.

ही काठी तिथे कशी आली, हे शोधताना मागचे दोन वीकेंड गेले.

आधी एक खुलासा. मी आयुष्यात जत्रेतल्या फुगे फोडायच्या बंदुकीपलीकडे काही हातात धरलेलं नाही. आपल्याकडे १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि १९९१ ची त्यातली दुरुस्ती यानंतर हौशी शिकारीचा विषय संपलाच. तेव्हा 'कुठली बंदूक घेऊ?' असं मला विचारू नका :-) पण परवडणारी सेमी-ऑटोमॅटिक छऱ्यांची बंदूक ही चीज कशी जन्माला आली, ही गोष्ट भन्नाट आहे.

सेमी-ऑटोमॅटिक म्हणजे मशीनगन नव्हे. एकदा चाप ओढला की एकच बार. फक्त रिकामं काडतूस बाहेर फेकणं आणि पुढचं भरणं हे काम बंदूक स्वतः करते. आता गंमत बघा. हे काम करणारी सोय त्याआधीही होती, आणि तिचं नाव होतं नोकर! इंग्लंडमधले लॉर्ड लोक दुनळी बंदुकांची जोडी घेऊन शिकारीला जायचे. मागे उभा असलेला माणूस भरलेली बंदूक हातात द्यायचा, रिकामी घ्यायचा. रिपनचा दुसरा मार्क्विस (हा १९२३ मध्ये शिकार करतानाच गेला) तीन बंदुका आणि दोन नोकर वापरायचा. त्याचे सात पक्षी एकाच वेळी हवेत मेलेले असायचे, असं सांगतात. भरतपूरला १२ नोव्हेंबर १९३८ रोजी व्हॉइसरॉय लिनलिथगोच्या पार्टीने एका दिवसात ४,२७३ पक्षी मारले. तो आकडा तिथे दगडावर कोरून ठेवला आहे, अजून वाचता येतो. सांगायचा मुद्दा, भराभर बार काढणं नवीन नव्हतं. ते स्वस्त होणं नवीन होतं.

ते स्वस्त केलं जॉन मोझेस ब्राउनिंगने. युटा राज्यातल्या ऑग्डेन गावचा, बाप बंदुका बनवणारा. या माणसाने आधी विंचेस्टर कंपनीला एकामागून एक डिझाईन्स विकली होती, प्रत्येक वेळी ठोक रक्कम घेऊन. १८९८ च्या सुमारास त्याने सेमी-ऑटोमॅटिकचं डिझाईन पुरं केलं आणि या वेळी तो म्हणाला, ठोक रक्कम नको, प्रत्येक बंदुकीमागे रॉयल्टी द्या. विंचेस्टरचा बेनेट म्हणाला, जमणार नाही. ब्राउनिंग उठला आणि रेमिंग्टनकडे गेला. जानेवारी १९०२ मध्ये तो भेटीसाठी तिथे ऑफिसात बसलेला असताना निरोप आला की कंपनीचे अध्यक्ष मार्सेलस हार्टली नुकतेच हार्ट अटॅकने गेले. झालं! ब्राउनिंग बोटीत बसला आणि थेट बेल्जियमला, एफएन कंपनीकडे. तिथे ही बंदूक बनायला लागली. पुढे तिचं नाव पडलं ऑटो-५, कारण काडतुसं पाच. ती १९९८ पर्यंत बनत राहिली. एकाच आर्किटेक्चरला जवळजवळ शंभर वर्षं. आमचं एखादं फ्रेमवर्क पाच वर्षं टिकलं तर आम्ही केक कापतो.

विंचेस्टरला नंतर पश्चात्ताप झाला असणार. त्यांनी १९११ मध्ये स्वतःची सेमी-ऑटोमॅटिक आणली, पण ब्राउनिंगच्या पेटंटमुळे तिला बाजूची खिट्टी लावता येईना. म्हणून काडतूस चढवायला चक्क नळीच धरून मागे ढकलायची. बंदुकीचा दस्ता जमिनीला टेकवून तोंडाजवळ हात नेऊन ढकलणारे महाभाग निघाले, आणि त्या बंदुकीला 'विधवा करणारी' असं नाव पडलं. पेटंट चुकवून केलेल्या डिझाईनचं यापेक्षा वाईट उदाहरण मला माहीत नाही.

ऑटो-५ मध्ये बार उडाला की नळी आणि बोल्ट एकमेकांना अडकलेले असताना दोन्ही मागे जातात. मग नळी एकटी पुढे येते, रिकामं काडतूस बाहेर पडतं, आणि मागोमाग बोल्ट नवीन काडतूस घेऊन येतो. पण प्रॉब्लेम असा की कबुतरासाठीचं काडतूस हलकं आणि बदकासाठीचं भारी. हलक्यावर बेतलेली बंदूक भारी काडतुसाने स्वतःलाच ठोकून काढणार, आणि भारीवर बेतलेली हलक्याने हलणारच नाही. ब्राउनिंगने घर्षणाची कडी बसवली. भारी काडतूस असेल तर ती एका जागी, हलकं असेल तर दुसऱ्या जागी, आणि हे सगळं मालकाने हाताने बदलायचं. थोडक्यात काय, कॉन्फिग फाईल. अर्थात निम्मे लोक ती बदलायला विसरायचे.

आता पक्ष्यांकडे. अमेरिकेत तेव्हा शिकार हा धंदा होता. बदकं टोपल्या भरभरून शहरातल्या हॉटेलांना जायची. अब्जावधींच्या संख्येने असलेलं पॅसेंजर पिजन नावाचं कबुतर असंच संपलं. मार्था नावाची शेवटची मादी १ सप्टेंबर १९१४ ला सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात मेली. यात सेमी-ऑटोमॅटिकचा हात नाही, हे मुद्दाम सांगतो. ती बाजारात येईपर्यंत हे पाखरू रानातून जवळजवळ गेलंच होतं. जाळी, साध्या बंदुका, रेल्वे आणि तार एवढ्यावर काम भागलं होतं.

पण लोकांच्या डोळ्यांसमोर नवीन यंत्र होतं. न्यूयॉर्कच्या प्राणिसंग्रहालयाचा संचालक विल्यम हॉर्नडे याने या बंदुकांविरुद्ध रान उठवलं. १९१३ च्या त्याच्या पुस्तकात तर त्यांच्यावर यथेच्छ तोंडसुख आहे. पेनसिल्व्हेनियाने १९०७ मध्येच शिकारीसाठी सेमी-ऑटोमॅटिकवर बंदी घातली, जी छोट्या शिकारीपुरती उठायला २०१७ उजाडलं! मला हॉर्नडेची कळकळ पटते. निदान बघण्याची त्याची जागा पटत नाही. नोकर ठेवून तीन बंदुका चालवणारा तो सभ्य शिकारी, आणि एकच यंत्र घेऊन आलेला शेतकरी तेवढा कसाई, असा सूर त्या काळच्या चर्चेत सारखा ऐकू येतो.

खरा फरक पडला तो बाजार बंद झाल्याने. १९०० चा लेसी कायदा, आणि मग ब्रिटनशी (कॅनडाच्या वतीने) झालेल्या करारावर आधारलेला १९१८ चा स्थलांतरित पक्ष्यांचा कायदा. रानपक्षी विकायचाच नाही म्हटल्यावर दिवसाला शंभर मारून करणार काय?

तरी १९३० च्या दशकात दुष्काळ पडला, मैदानांतली तळी आटली आणि बदकं पुन्हा कोसळली. तेव्हा सरकारी खात्याचा प्रमुख केला गेला जे. एन. डार्लिंग, म्हणजे एक व्यंगचित्रकार! १९३४ मध्ये शिकाऱ्याने एक डॉलरचं बदक-तिकीट घ्यायची सक्ती आली, पैसा पाणथळ जागांसाठी. पहिल्या तिकिटावरचं चित्र डार्लिंगचंच. आणि १९३५ मध्ये आली आपली काठी. स्थलांतरित पक्ष्यांसाठी बंदुकीत एकूण तीनच काडतुसं, आणि काठी अशी की बंदूक खोलल्याशिवाय काढता येऊ नये.

मला हा तोडगा फार आवडतो. गरिबाची बंदूक काढून घेतली नाही, फक्त तिचा वेग मालकाच्या सभ्यतेवर न सोडता लाकडावर सोपवला. आणि आकडा चिकटला. युरोपच्या १९७९ च्या पक्षी निर्देशात तोच, 'कप्प्यात दोनपेक्षा जास्त नको'. ब्रिटनने तर हंगरफर्डच्या हत्याकांडानंतर १९८८ मध्ये साध्या शॉटगन परवान्यालाच ती मर्यादा लावली. यामागचं कारण पक्षी नव्हते, माणसं होती.

दरम्यान बंदूक स्वस्त होतच गेली. १९६३ ची रेमिंग्टन ११०० ही बाराचा गॅस वापरून चालणारी. कंपनीने एकच साचा आणि तेच सुटे भाग अनेक मॉडेल्सना वापरून किंमत खाली आणली, आणि ती लाखोंनी खपली. गॅसवाली खांद्याला मऊ, पण आत काजळी धरते. इटलीत बेनेलीने दुसरी वाट काढली, जडत्वाची. सिटी बस एकदम सुटली की उभा माणूस मागे पडतो ना, तसं. बंदूक झटक्याने मागे येते, बोल्टचा जड भाग जागीच राहू पाहतो, मधली स्प्रिंग दबते, आणि मग तीच सगळं काम करते. भाग कमी, घाण कमी, पण खांद्याला धक्का जास्त आणि हलक्या काडतुसांवर थोडी रुसते. पेटंटची मुदत संपली आणि तुर्कस्तानातल्या कारखान्यांनी हीच पद्धत निम्म्याहून कमी किमतीत आणली.

म्हणून आज इंग्लंडमध्ये बजेटातली बंदूक शोधणारा माणूस १८९८ चाच प्रश्न सोडवत असतो. शेतकऱ्याच्या रेपसीडवर उतरणाऱ्या रानकबुतरांसाठी दिवसाला दोनेकशे हलकी काडतुसं उडवायची असतील, तर गॅसवाली बरी. खारट चिखलात पहाटे बसून रानहंसांची वाट बघायची असेल, तर सहज धुता येणारी जडत्ववाली. त्यात शिशाच्या छऱ्यांवर बंदी (पाणपक्ष्यांसाठी अमेरिकेत १९९१, इंग्लंडमध्ये १९९९) आल्याने पोलादी छर्रे, लांब काडतुसं, म्हणजे हलक्या-भारीतली दरी आणखी रुंद. ब्राउनिंगची कडी गेली, प्रश्न तिथेच.

आणि काठीचं काय? १९९० च्या दशकात अमेरिका-कॅनडात हिमहंस इतके वाढले की हडसन उपसागराकाठचा टुंड्रा मुळासकट खाऊन टाकायला लागले. १९९९ मध्ये सरकारने त्यांच्यापुरता नियम शिथिल केला. काठी काढा, हवी तेवढी काडतुसं भरा, रेकॉर्ड केलेले आवाज लावा, पण हंस कमी करा. शिकारी उत्साहाने गेले. मारलेल्या हंसांची संख्या वाढली, आणि तरीही पुढे कित्येक वर्षं हिमहंस वाढतच राहिले.