सोलापूर जिल्ह्यातील सनगर समाज : पूर्ववृत्त आणि स्वभाव

ज्ञातीच्या स्मरणिकेत ज्ञातीचा इतिहास असावा, ही बांधवांची अपेक्षा रास्तच आहे. परंतु लेखणी हाती घेताच आमच्यापुढे अडचण उभी राहिली ती साधनांची. सनगरांचे कोठे राज्य नव्हते. आमच्यापाशी ताम्रपट नाही, बखर नाही. अशा वेळी एखाद्या राजवंशाशी अगर ऋषिकुळाशी नाते जोडून देण्याचा मोह पुष्कळ ज्ञातींच्या इतिहासकारांना झालेला आहे. आम्ही तो कटाक्षाने टाळला आहे. ज्या घोंगडीने आमच्या वाडवडिलांचे पोट भरले, तीच आमची सनद होय. ती वापरून झिजणारी वस्तू, म्हणून आमचा इतिहासही तिच्याबरोबर झिजला.

१८८४ साली प्रसिद्ध झालेल्या सोलापूर जिल्ह्याच्या गॅझेटियरात लोकर विणणारी जात म्हणून सनगरांची नोंद आहे. सांगोला, मंगळवेढा, माळशिरस हा पर्जन्यछायेचा मुलूख. माळरान उदंड, पाणी थोडे. जेथे पीक बेभरवशाचे, तेथे मेंढी तग धरते. आणि जेथे मेंढी, तेथे सनगर. तथापि आमची वस्ती कधीच दाट नव्हती. लहान गावात दोन-चार घरे, मोठ्या गावात फार तर एखादी आळी. बारा बलुतेदारांत आमची गणना नव्हती, त्यामुळे खळ्यावरच्या बलुत्याचा आधार नव्हता. आठवड्याच्या बाजारात घोंगडी खपली तरच घरात ज्वारी येई.

या धंद्याची घडण वाचकांनी ध्यानी घ्यावी. मेंढ्या धनगराच्या, त्यांची लोकर वर्षातून दोनदा कातरली जाई. कातरलेली लोकर पिंजून तिचे सूत काढण्याचे काम बहुतांशी स्त्रियांचे, धनगरवाड्यातील आणि आमच्या घरातीलही. ताण्याला चिंचोक्याची खळ देऊन तो कुंच्याने साफ करीत, मग विणकर खड्ड्याच्या मागावर बसे. रंगाची गरज नसे. काळी, पांढरी, करडी या मेंढीच्याच रंगांनी काठ व पट्टे उमटत. कोकराच्या पहिल्या लोकरीची, म्हणजे जावळाची घोंगडी सर्वांत मऊ मानली जाई. विणकर म्हणून नाव पुरुषाचे झाले. परंतु ज्या हातांनी सूत कातले आणि खळ शिजविली, त्या मायभगिनींचे ऋण आमच्या ज्ञातीने आजवर पुरेसे मान्य केलेले नाही, हे येथे स्पष्ट नमूद करणे आम्ही कर्तव्य समजतो.

या घोंगडीनेच आमचा स्वभाव घडविला. शेतकरी तिची खोळ घेऊन पावसात उभा राही, जागरण-गोंधळाला तीच अंथरली जाई, पंचही तिच्यावरच बसत. सर्वांच्या अंगाखांद्यावर असूनही विणणाऱ्याचे नाव कोणी विचारीत नसे. त्यामुळे अल्पसंतोष, काटकसर आणि दिलेल्या शब्दाची चाड हे गुण अंगी आले. तसाच पुढे होऊन काही मागण्याचा संकोचही आला. तो दोषच म्हटला पाहिजे. धर्माच्या बाबतीत मात्र आम्ही सीमेवरची माणसे. सोलापूरच्या सिद्धेश्वराची संक्रांतीची गड्डा यात्रा आणि पंढरीची वारी ही दोन्ही आम्हांस सारखीच जवळची. मंगळवेढे तालुक्यातील हुलजंतीस दिवाळीत महालिंगरायाची यात्रा भरते, तेथे धनगर बांधवांशी असलेला आमचा जुना संबंध आजही जाणवतो.

१८७६-७७ चा दुष्काळ जिल्ह्यास होरपळून गेला, आणि १८७७ सालीच सोलापुरात पहिली कापड गिरणी उभी राहिली. शहर गिरण्यांचे झाले, पुढे सोलापुरी चादरीचे नाव सर्वत्र गेले. घोंगडीस गिरणीने तत्काळ मारले नाही, कारण दख्खनी मेंढीची भरड लोकर यंत्रास फारशी मानवत नाही. खरा घाव नंतर बसला. १९७२ च्या दुष्काळाने चाऱ्याविना कळप विस्कटले. उजनीचे पाणी आले तेथे उसाने कुरणे व्यापली. पावसाला प्लॅस्टिकचा कागद आणि थंडीला गिरणीचे स्वस्त ब्लँकेट मिळू लागले. मेंढीही मांसासाठीच पाळली जाऊ लागली. जत भागातील माडग्याळी मेंढीच्या अंगावर तर लोकर बेताचीच. आज कातरणीची मजुरीही सुटत नाही, म्हणून कित्येक ठिकाणी लोकर फेकून दिली जाते.

अशा स्थितीत तरुणांनी माग सोडला याबद्दल त्यांस दोष देणारे आम्ही नव्हे. ज्या खड्ड्यात बसून बापाचे गुडघे गेले, त्यात मुलाने बसावेच असा आग्रह धरणे म्हणजे परंपरेचे प्रेम नव्हे. मुले शिकली, नोकरीस लागली, याचा आम्हांस आनंदच आहे. परंतु माग सोडणे वेगळे आणि मागाची विद्या हरवू देणे वेगळे. खळ किती दाट असावी, कोणत्या लोकरीला किती पीळ द्यावा, हे जाणणारी माणसे आता वृद्ध झाली असून त्यांचे ज्ञान कोणत्याही ग्रंथात नाही.

म्हणून आमची ज्ञातिमंडळास नम्र सूचना आहे. गावोगावच्या वृद्ध विणकरांकडून व सूत कातणाऱ्या मातांकडून ही माहिती त्यांच्याच शब्दांत लिहून घ्यावी; मागाची अवजारे व जुन्या घोंगड्या मिळतील तेथून जमवाव्यात. यास मोठा निधी लागत नाही, चार सुशिक्षित तरुणांच्या सुट्ट्या पुरतात. घोंगडे भिजत ठेवले की ते दर घटकेस जड होत जाते, हे सनगराच्या पोरास कोणी शिकवावयास नको.